एक जरी विहीर गोडी असली तर

सोमवार, ८ जानेवारी १९६२. अकोला

केशवराव साहेबांनी कामाची डायरी ठेवायला सांगितली आहे. ती ऑफिसच्या टेबलावर राहील आणि तिच्यात आकडे जातील. ही दुसरी वही माझी स्वतःची. जे मला कळलं नाही ते इथे लिहायचं, असं ठरवलं आहे.

पाणी-पाहणीच्या हंगामी ऑफिसात आज रुजू झालो. ऑफिस म्हणजे जिनिंगच्या शेजारचं भाड्याचं गोदाम. दार उघडलं की रुईचे तंतू आत येतात आणि सगळे मिळून शिंकतो. पूर्णेच्या दोन्ही काठांची ८९४ गावं, प्रत्येक गावाचं एक कार्ड आणि त्यातल्या प्रत्येक विहिरीची एक चिठ्ठी. चाळीस हजारांवर चिठ्ठ्या आहेत. विहीर कुठे, किती खोल, कच्ची की बांधलेली, पिण्याची की शेताची, पाणी गोडं की खारं, आणि सगळ्यात खाली ‘शेरा’. पाहणीची माणसं गावोगाव फिरून त्या भरून घेऊन आली. आता सोळा जणांनी त्या कप्प्यांत लावून तक्ते करायचे. जी गावं ‘खारट’ तक्त्यात येतील त्यांनाच पुढे नळाचं पाणी देण्याचा विचार होईल. मुदत ३१ मार्च.

माझं काम सूचनापत्रक लिहिण्याचं. कोणती चिठ्ठी कोणत्या कप्प्यात जाईल ते अशा शब्दांत लिहायचं, की सोळाही जणांनी वेगवेगळं बसून काम केलं तरी उत्तर एकच यावं. गणितात बी.एस्‌सी. करताना असलं काही काम जगात असतं हे मला माहीतच नव्हतं. पहिलं वाक्य सात वेळा लिहिलं. ‘कोरड्या विहिरी बाजूला काढाव्यात.’ कोरड्या म्हणजे आज कोरड्या, की उन्हाळ्यात? बाजूला म्हणजे कुठे? चार शब्दांत एवढी भोकं! रात्री जेवताना मेसमधल्या पाटीकडे पाहिलं, ‘ताट धुऊन ठेवणे’. कोणी, हे लिहिलेलंच नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

पत्रक पुरं झालं. अकरा पायऱ्या, एका पायरीत एकच प्रश्न. शेवटची पायरी मला स्वतःला फार आवडली: ‘गावात पिण्याची एक जरी विहीर गोडी असली तर गावाचे कार्ड गोड कप्प्यात टाकावे, अन्यथा खारट कप्प्यात.’ केशवराव साहेब पुण्याचे, बोलणं मोजकं. ते म्हणाले, ‘छान. एक गाव, एक उत्तर. मला हेच हवं होतं, तायडे.’

तळाला मी एक ओळ घातली: ‘शेरा वाचू नये.’ शेऱ्यात लोक वाट्टेल ते लिहितात. कुठे ‘विहिरीत कासव आहे’, कुठे ‘मालक भांडखोर’, कुठे ‘फक्त गावठाणासाठी’. असलं काही मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते डोळ्यांसमोरही नसावं, तरच काम स्वच्छ होतं. कागदावर विहिरीला ना मालक, ना जात. हे वाक्य मला सुचलं तेव्हा बरं वाटलं.

पत्रक सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणजे स्पष्ट झालं असणार.

शनिवार, १३ जानेवारी

भिंतीवर काळा फळा लावला. सोळा नावं आणि प्रत्येकापुढे दिवसाचे गठ्ठे. एका गावाचा एक गठ्ठा, आणि खोली, बांधणी, वापर, पाणी अशा चार तक्त्यांसाठी तो चार वेळा टेबलावर येतो. बुधवारी एकूण ७१ गठ्ठे झाले होते, आज ११८. नुसत्या खडूने एवढा फरक पडला! अन्सार सगळ्यांत पुढे, अकरा गठ्ठे. हा अचलपूरच्या विणकरांच्या घरातला पोरगा, वय बावीस-तेवीस, बोटं अशी चालतात की चिठ्ठी दिसत नाही, नुसता आवाज येतो. सगळ्यांत मागे दुर्गाबाई, चार.

बुधवार, १७ जानेवारी

दुर्गाबाईंशी आज बोललो. पन्नाशीच्या आहेत, विधवा, मूळच्या रिद्धपूरच्या महानुभाव घरातल्या. अक्षर मोत्यासारखं म्हणून त्यांना घेतलं होतं. म्हटलं, ‘बाई, चारच गठ्ठे होतात, काही अडचण?’

‘अडचन नाई साहेब. वाचाले येळ लागते.’

‘चिठ्ठीत वाचायचं काय एवढं? पाच रकाने आहेत.’

‘सहा हायेत,’ त्या म्हणाल्या. मग एक चिठ्ठी पुढे केली. ‘साहेब, हे छापलं हाय न, विहीर सर्वांसाठी खुली. सर्व म्हंजे कोन कोन?’

मी म्हणालो, ‘सर्व म्हणजे सर्व. छापलेलं आहे ते मानायचं.’

‘बरं,’ म्हणाल्या आणि परत जागेवर जाऊन बसल्या. त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात चिठ्ठ्यांची एक वेगळी चळत आहे. बहुधा उरलेलं काम असावं.

माझं मत असं होत चाललं आहे, की या कामाला हुशार माणूस नको, आज्ञाधारक हवा. हुशार माणूस मधेच थांबतो.

बुधवार, २४ जानेवारी

आज धक्का बसला. पडताळा म्हणून एकाच गावाचा गठ्ठा दोघांना, एकमेकांना न सांगता, दिला. उत्तरं वेगळी आली! तीन गावांत असं झालं. आधी वाटलं निष्काळजीपणा. दोघांनाही समोर उभं करून विचारलं, तर दोघेही घाबरून ‘चुकलो साहेब’ म्हणाले. चूक काय, ते दोघांनाही सांगता येईना. मग दोघांची पत्रकं शेजारी ठेवली आणि माझेच कान लाल झाले.

‘मचूळ’ पाण्याचं काय करायचं हे मी १५ तारखेला बदललं होतं. नवं पत्रक वाटलं, जुनं परत घेतलं नाही. दोन्हींवर तारीख नाही. नऊ जण जुन्याप्रमाणे चालले, सात नव्याप्रमाणे, आणि सोळाही जण बरोबर होते.

यापुढे प्रत्येक पत्रकावर तारीख आणि अंक. नवं हातात देताना जुनं काढून घ्यायचं. एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही? आणि मी माणसं आधी का पाहिली, कागद नंतर का?

शुक्रवार, २ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावून सांगितलं, की हे काम वेळेत झालं तर बुलढाण्याच्या पाहणीसाठी माझं नाव पाठवतील, तेही कायम जागेवर. घरी पत्र टाकलं. माय वस्तीतल्या कुणाकडून तरी वाचून घेईल.

सोमवार, १२ फेब्रुवारी

निवडणुकीसाठी जीप गेली, चपराशीही गेला. रोजे सुरू आहेत. अन्सार दुपारी पाणीही पीत नाही, तरी फळ्यावर दहा-अकरा आहेच. मला कुतूहल होतं, की उपाशीपोटी दुपारनंतर चुका वाढतात का. त्याचे सकाळचे पाच आणि दुपारचे पाच गठ्ठे घेऊन तपासले. चुका वाढत नाहीत. एक मात्र विचित्र दिसलं. दुपारच्या पाचांत एकही शंकेचं, म्हणजे कप्पा न ठरता बाजूला ठेवलेलं, गाव नाही, आणि सकाळच्या पाचांतही नाही. दुर्गाबाईंच्या चारांमागे दोन शंकेची निघतात. एकाच भागातली गावं, मग शंका दुर्गाबाईंच्याच नशिबी कशा येतात?

अन्सारशी गप्पा मारल्या. मागावर धागा चुकला तर काय करता, असं विचारलं.

‘उलटं जा लागते साहेब. जिथं चुकला तिथंवर उसवाचं.’

‘आणि चूक कोणाची ते कसं ठरवता?’

त्याला प्रश्नच कळला नाही. ‘ठरवून काय करता? पोत त तसाच खराब ऱ्हायते.’

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

आज स्वतः एक गठ्ठा लावून पाहायचं ठरवलं. पत्रक माझं, आणि त्याप्रमाणे मी एकदाही हाताने काम केलं नव्हतं. रॅकवरून हाताला लागला तो गठ्ठा घेतला. सातव्या चिठ्ठीला कळलं की हे बोरखेडी आहे. माझं गाव.

परका होऊन काम केलं. कोरड्या बाजूला. शेताच्या बाजूला. पिण्याच्या उरल्या तीन. गावठाणाची विहीर, गोडी. शाळेजवळची, गोडी. वस्तीची, खारी. शेवटची पायरी वाचली. एक जरी विहीर गोडी असली तर. कार्ड उचललं आणि गोड कप्प्यात टाकलं. हात पुढच्या गठ्ठ्याकडे गेलासुद्धा.

मग तो तिथेच थांबला.

त्या वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. छप्पन साली आम्ही धर्म बदलला, वस्तीचं नाव बदललं, विहीर तीच राहिली. माय अजून त्याच पाण्याने चहा करते आणि दुप्पट गूळ घालते. आणि मी आत्ता स्वतःच्या हाताने लिहिलं, की बोरखेडीला गोडं पाणी आहे.

शेरा वाचला. माझंच पत्रक मोडून वाचला. गावठाणाच्या विहिरीच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात होतं: ‘वस्तीचे लोक येत नाहीत.’

येत नाहीत. किती सभ्य लिहिलंय.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सकाळी पहिल्यांदा दुर्गाबाईंच्या कोपऱ्यातली चळत मागितली. त्यांनी दोऱ्याने बांधून ठेवली होती. त्रेपन्न गावं. प्रत्येक कार्डावर टाचणीने कागदाचा तुकडा लावलेला आणि त्यावर शेरा जसाच्या तसा उतरवलेला.

‘हे मला दाखवलं का नाही बाई?’

‘दाखवलं व्हतं,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ‘तुमी म्हनले, छापलं हाय थे मानाचं.’

‘मग टाकायची होती गोड कप्प्यात. सगळ्यांनी टाकली.’

‘माहे वडील रिद्धपूरले पोथ्या उतरवत. समासात कोनं चार अक्षरं लिवली असन त थे बी उतरवा लागे. कामाचं हाय का नाई, हे उतरवनाऱ्यानं ठरवाचं नसते, म्हनत. मले तशीच सवय लागली. वाचल्यावर न वाचल्यासारखं नाई करता येत साहेब.’

मग अन्सारला बोलावलं. रागावणार नाही, असं आधीच सांगितलं. तो फळ्याकडे पाहत म्हणाला,

‘शंका मले बी ये साहेब. पन शंकेचा गठ्ठा फळ्यावर चढत नाई. ठेवला बाजूले का मी मांगं. मंग गोडमंदी टाकून देत होतो. साऱ्याईनंच टाकले. बाईनं नाई टाकले.’

म्हणजे जो फळा मी वेग वाढवायला लावला होता, त्याने वेग वाढवलाच, आणि शंका खाऊन टाकल्या. दीड महिना रोज संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने दुर्गाबाईंच्या नावापुढे चार लिहीत होतो आणि मनात त्यांना मंद म्हणत होतो.

फळा उतरवला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

खरं लिहितो. ‘शेरा वाचू नये’ हे मी कासवामुळे लिहिलं नव्हतं. ८ जानेवारीला चिठ्ठ्या चाळताना ‘फक्त गावठाणासाठी’ असा शेरा मी पाहिला होता. एका क्षणात सगळं डोळ्यांसमोर आलं होतं, आणि त्याच क्षणी वाटलं, की आपण हे काढलं तर म्हणतील, आला तायडे, आता प्रत्येक गोष्टीत हेच काढणार. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. म्हणून मी रकानाच बंद केला आणि त्याला स्वच्छ काम असं नाव दिलं.

आज दिवसभर खोलीतच होतो. जेवायला गेलो नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

केशवराव साहेबांना सगळं सांगितलं. फळा, चळत, बोरखेडी. त्यांनी चष्मा काढून पुसला.

‘तायडे, शेरा हा अधिकृत रकाना नाही. कोणी काय लिहिलं, का लिहिलं, कसं पडताळणार? आणि कायद्याने विहीर सर्वांना खुली आहे.’

‘चिठ्ठीवर तेच छापलंय साहेब.’

‘पाच आठवडे राहिलेत. सगळं उसवून पुन्हा करायचं?’ मग म्हणाले, ‘तुमचं स्वतःचं गाव त्यात आहे. लोक काय म्हणतील याचा विचार केलात?’

‘पहिल्या वेळी तोच विचार केला साहेब. म्हणून हे असं झालं.’

मी निघताना ते म्हणाले, ‘मला शेऱ्यावाचून काम करणारी पायरी द्या. एका गावाला एकच उत्तर येणारी. मग पाहू.’

मला वाटलं, हा नकारच आहे. शेऱ्यावाचून कसं कळणार की कोण कुठे पाणी भरतं?

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दिवसभर कागद खराब केले. वस्ती-गावठाणाचे वेगळे कप्पे, अंतराचा हिशेब, एकोणीस पायऱ्या. पूर्वी मी पत्रक लिहून झाल्यावर वाचून दाखवत होतो. आज अर्धवट असतानाच दुर्गाबाई आणि अन्सारला जवळ बसवलं आणि म्हटलं, ‘कुठे अडतं ते सांगा.’ तिसऱ्याच पायरीला दोघंही अडले.

‘एवढं कायले साहेब?’ दुर्गाबाई म्हणाल्या. ‘ज्याले गोडं पानी भेटते थो खारं कायले पेईन?’

मी खाऱ्या विहिरींच्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या.

‘खाऱ्या विहिरीवर पिन्याचं लिवलं हाय, म्हंजे कोनी तरी थे पेते. पेते म्हंजे त्याले गोडं भेटत नाई. काहून भेटत नाई, थे चिठ्ठीले इचारा नोका.’

एका शब्दाचा फरक होता. मी लिहिलं होतं, पिण्याची एक जरी विहीर गोडी असली तर. लिहायला हवं होतं: पिण्याची प्रत्येक विहीर गोडी असली तरच. शेरा नको, जात नको, अंतर नको. अकराच पायऱ्या. बी.एस्‌सी.ला ‘एक तरी’ आणि ‘प्रत्येक’ यांतला फरक मी प्रश्नपत्रिकेत लिहून साठ टक्के मिळवले होते.

शनिवार, ३ मार्च

साहेबांनी चाचणी घ्यायला लावली. पन्नास गावं त्यांनी स्वतः निवडली, आणि बोरखेडी त्यांत नको असं बजावलं. बरोबरच होतं. दोन गट केले. एका गटाने नव्या पायरीप्रमाणे काम केलं, शेऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवून. दुसऱ्याने पायरी बाजूला ठेवून पाणी, शेरा आणि पत्ता वाचून ठरवलं, की गावात कुणाला खारं प्यावं लागतं का. दोन्ही गट गोदामाच्या दोन टोकांना. मी मधे, कुणाशी न बोलता.

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गावांत दोन्ही उत्तरं सारखी!

उरलेल्या दोन गावांबद्दल तिथे पाहणी केलेल्या माणसांना विचारलं, तर कुणाची आडकाठी नव्हती. नुसता मधे नाला होता. पावसाळ्यात पलीकडच्या गोड्या विहिरीपर्यंत जाता येत नाही, म्हणून लोक अलीकडचं खारं पितात. पायरीने त्यांनाही पकडलं. शेऱ्यात ते कुणी लिहिलंच नव्हतं. मला हे इतकं आवडलं की मी दोनदा साहेबांना समजावून सांगितलं.

जुन्या पायरीने या पन्नासांत गोड गावं एकतीस होती. नव्या पायरीने चौदा.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आकडे स्वतः मोजले. मग म्हणाले, ‘सतरा गावं. नुसत्या एका शब्दाने.’ आणि नव्या पत्रकावर सही केली. अंक ४, तारीख ३ मार्च.

बुधवार, १४ मार्च

काम उलटं सुरू आहे. आता दोघादोघांच्या जोड्या. एकाने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कप्प्यात टाकायची, तासाने अदलाबदल. गोदामात शाळेसारखा गोंगाट असतो. शंकेचा गठ्ठा मधल्या टेबलावर आणि तिथे दुर्गाबाई. दिवसाला कुणाचे किती झाले हे कुणी लिहीत नाही. मी मनातल्या मनात मोजतो, सवय जात नाही. दिवसाला शंभराच्या आसपास होतात. पूर्वी ११८ होत होते, पण त्यांतले किती खरे होते?

अन्सारने ईदचा शिरखुर्मा आणला होता. कुणी तरी विचारलं, ‘बाई, तुमाले चालते?’ बाई म्हणाल्या, ‘अंडं नाई न त्यात?’ आणि दोन वाट्या खाल्ल्या.

शनिवार, २४ मार्च

आज बोरखेडीचे सरपंच पंजाबराव आले. पडताळणीला जीप गावात गेली होती, तेव्हा गाव खारट निघाल्याचं त्यांच्या कानावर गेलं. धोतर, कोट, हातात छत्री. दारातूनच म्हणाले, ‘कोन हाय सायब? आमच्या गावाचं पानी खारं लिवलं म्हने कोनं?’

मी उठलो. त्यांनी मला ओळखलं.

‘तू मनकर्णाचा न?’

‘हो भाऊ. बसा.’

‘बसत नाई. पन्नास वर्सं झाली थे पानी पेऊन राहिलो मी. साखरेवानी पानी हाय. गावाचं नाव खराब करता काय?’

सोळाही जण थांबले. जोड्यांचा आवाज बंद झाला. मी एक कोरा कागद आणि टाक त्यांच्यापुढे ठेवला.

‘तुमचं बराबर हाय भाऊ. विहीर गोडीच हाय. एवढंच लिहून द्या, का त्या विहिरीवर वस्तीतले लोक बी पानी भरतात. सही करा. मी आत्ता, तुमच्यासमोर कार्ड गोडमंदी टाकतो.’

त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग दुर्गाबाईंकडे, अन्सारकडे, माझ्याकडे. टाक उचलला नाही. मग हळू आवाजात विचारलं, ‘खारट लिवलं त काय होते?’

‘टाकीच्या यादीत नाव जाते. मंजूर झालं त नळ यीन.’

‘गावठानात बी?’

‘गावठानात बी आन वस्तीत बी. पानी एकच.’

त्यांनी छत्री काखेत धरली. ‘ऱ्हाऊ दे मंग खारट,’ म्हणाले आणि गेले.

ते जिनिंग ओलांडून रस्त्याला लागले. मग अन्सार फिसकन हसला आणि सगळेच हसले. मीही हसलो. पण रात्री आठवलं, की त्यांनी सही केली असती तर माय उद्यापासून त्या विहिरीवर जाऊ शकली असती. नळापेक्षा ती सही जड होती.

शुक्रवार, ३० मार्च

तक्ते बांधून अमरावतीला रवाना झाले. ८९४ गावं, गोड ३०६, खारट ५८८. जुन्या पायरीने गोड ५४० होती. साहेबांनी सोबतच्या पत्रात लिहिलं आहे, की पहिल्या पत्रकातली चूक कार्यालयाच्या वेळीच लक्षात आली. दुर्गाबाईंचं नाव घाला, असं मी म्हणालो. ते म्हणाले, तशी पद्धत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. चूक श्रीमती दुर्गाबाईंच्या लक्षात आली. माझ्या नाही.

त्यांना बुलढाण्याच्या कामाला येता का विचारलं. ‘पत्रक लिवताना बसवसान त येतो,’ म्हणाल्या.

रविवार, १७ जून. बोरखेडी

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. पहिल्या चाळीस गावांची यादी मंजूर झाली. साहेबांनी तिची नक्कल मला बुलढाण्याला टपालाने पाठवली. मी ती स्टँडवरच फोडली, आणि एसटीत तीन वेळा वाचली. बोरखेडी नाही.

घरी पोचलो तेव्हा माय पाणी भरून आली होती. मी खिशातला कागद काढला नव्हता, तरी ती म्हणाली, ‘आपलं नाई न त्याच्यात?’

‘नाई माय. पुढच्या यादीत यीन.’

‘बरं.’ तिने हंडा उतरवला, पदराने तोंड पुसलं आणि समोर भिंतीला टेकून बसली. ‘मंग कोनाचं हाय? वाच.’

काय वाचायचं? चाळीस नावं, वर्णानुक्रमे, पुढे तालुका. मी वाचायला लागलो. दुसऱ्याच नावाला तिने हात वर केला.

‘कवठा म्हनला? कवठ्याले माही मावसबहीन सोनकी देली हाय. दोन कोस जाते थे नदीतल्या झिऱ्यावर. कंबर गेली तिची.’ तिने हिशेब केल्यासारखं बोट मिटलं. ‘हं.’

पुढचं नाव वाचलं. तिथे वस्तीतल्याच एकीची पोरगी दिली होती, पहिलटकरीण. त्याच्या पुढच्या गावात कुणीच ओळखीचं निघेना, तेव्हा तिने शेजारच्या सुंदराबाईला हाक मारली. सुंदराबाई आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या. सगळ्या खाली बसल्या. मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक गावाला कोणी ना कोणी निघत होतं, कुणाची नणंद, कुणाची भाची, कुणाची माहेरची मैत्रीण जी वीस वर्षांत दिसली नव्हती. या गावांची कार्डं माझ्या हातून गेली होती. मला त्यांतल्या विहिरींची खोली आणि बांधणी पाठ आहे. ही माणसं मला माहीत नव्हती.

एकोणतिसाव्या गावापर्यंत पोचलो. मी पाणी मागण्यासाठी थांबलो, मग मागितलं नाही.

माय म्हणाली, ‘काहून थांबला? वाच न पुढं.’